पुढचं दादाचं, मागचं बाळ्याचं

शिमगा आला की लोकांना पुरणपोळी आठवते, मला मारामारी आठवते. इलाज नाही. फाल्गुन लागतो, काजूच्या बोंडांचा आंबूस वास बागांमधून रस्त्यावर येतो, संध्याकाळी कुठल्यातरी वाडीत पोरं ढोल तापवून एकेक थाप टाकून बघतात, आणि माझ्या कानशिलात ठोके पडायला लागतात. परवा एका बाईंना गाडी शिकवत होते. उतारावर लांबून ढोल ऐकू आला आणि माझा पाय आपसूक ब्रेकवर गेला. गाडी गचकन थांबली. बाई पांढऱ्याफटक. "माझं काय चुकलं हो?" मी म्हटलं, "तुमचं काही नाही. चला, पहिला टाका."

रत्नागिरीत मी गाडी शिकवते. केस यातच पिकले. शिकवायच्या गाडीत डावीकडच्या सीटपुढे आणखी एक ब्रेक असतो. तिथे मी बसते. शिकणारा भांबावला की तो दाबायचा, एवढंच माझं पायाचं काम. बाकी सगळं तोंडाचं. "गिअर आहे तो, डाळ घोटायची रवी नव्हे!" "आरसा काय केस विंचरायला दिलाय?" लोक माझ्या तोंडाला घाबरतात आणि तरी आपल्या पोरी माझ्याकडेच पाठवतात. हे तोंड माहेरचं देणं आहे. अण्णा, म्हणजे माझे वडील, बोटीवर इंजिनरूममध्ये होते. उभा जन्म लोखंडाच्या दणदणाटात गेला, त्यामुळे घरी आले तरी ओरडूनच बोलायचे. त्यांच्या वरताण दादा, माझा थोरला भाऊ. त्याच्या वरताण बाळ्या, धाकटा. आमच्याकडे मीठ मागितलं तरी शेजाऱ्यांना वाटायचं भांडण जुंपलं.

आणि शिमग्याला तर विचारूच नका. आमचं गाव गणपतीपुळ्याच्या अलीकडे, रस्ता सोडून आत उतरलं की. तिथे होळीसाठी उभा सुरमाड तोडतात आणि तो अख्खा खांद्यांवर नाचवत आणतात. खाली माणसं चिरडतील की काय असं वाटतं. ढोल, ताशे, बोंबा, तोंडाला येईल ती शिवी. धूळ आणि घाम यांचा चिखल अंगावर. अण्णा म्हणायचे, वर्षभराचं पोटातलं पाच दिवसांत ओरडून टाकावं आणि रंगपंचमीला डोक्यावरून आंघोळ करावी. ते तसं करायचेही. ज्याच्या आईबहिणीचा उद्धार होळीपाशी केला, त्याच्याच ओटीवर दुसऱ्या दिवशी चहा प्यायचे. माझ्या भावांना मात्र ओरडणं तेवढं वारशात आलं. टाकून देणं आलं नाही.

पालखीचा मान आमच्या घराला आहे. देवीची पालखी सहाणेवरून, म्हणजे तिच्या बसायच्या चौथऱ्यावरून, आमच्या अंगणात येते तेव्हा खांदा आमच्या घरचा. दांडीला पुढे थोरला, मागे धाकटा. पूर्वी अण्णा पुढे आणि काका मागे असायचे, मग दादा पुढे आणि बाळ्या मागे आले. घरच्या बाईने ओटी भरायची. मी लग्न होऊन रत्नागिरीत आले, त्यामुळे माझा मान बाजूला उभं राहून बघण्याचा.

अण्णांमागे त्यांची गाडी राहिली. छोटीशी, पाच दारांची, अण्णांनी देवासारखी जपलेली. दोघा भावांनी ती सामाईक ठेवली. आमच्याकडे बाग सामाईक असते, विहीर सामाईक असते, कोर्टातला दावा तर असतोच असतो. मग गाडी का नको? दादा मुंबईला नोकरीला. तो गणपतीत, शिमग्याला आणि मे महिन्यात येणार, गाडी घेऊन वळणावळणांनी सुसाट सुटणार, आणि मागे बसलेली आई डुलून डुलून ओकणार. मग दादा गाडीला शिव्या घालणार. "होडी आहे ही! वळणावर नुसती कलंडते! मला एखाद दिवशी खाडीत नेऊन घालील." उरलेलं वर्ष गाडी बाळ्याकडे. तो गावातच असतो, आंब्याची बाग बघतो. तो त्याच गाडीतून खताची पोती आणि आंब्याच्या पेट्या वाहणार, खड्ड्यात दणकन आपटला की म्हणणार, "खाली लागते! हिचं पोटच रस्त्याला टेकलंय." एकाला ती बसवायची होती, दुसऱ्याला उचलायची होती. दोघांचंही अर्धं खरं होतं, आणि अर्ध्या खऱ्याची खुमखुमी पुऱ्या खोट्यापेक्षा वाईट.

आमच्याकडचे रस्तेही मारकुटे. पावसाळाभर तडातडा फुटतात, दिवाळीनंतर कुणीतरी येऊन त्यांवर खडी फासून जातो, मार्चपर्यंत ती खडी वळणावळणावर सांडलेली. गतिरोधक तर कुणाच्या मनात येईल तिथे. रंग नाही, पाटी नाही, आडवा पडलेला दारुडा जणू. रस्ता गाडीला मारतो, गाडी ते सोसते. गाडीने सोसलं नाही की माणसाच्या कण्याने सोसायचं.

त्या मारामारीच्या साली माघात आईच्या कण्याने सोसलं. बाळ्या तिला नातेवाइकांकडच्या लग्नाहून घरी आणत होता. तिन्हीसांजेची वेळ, गतिरोधक दिसलाच नाही. मागचे दोन्ही शॉक ॲब्सॉर्बर गेलेले. आई मागच्या सीटवरून वर उडाली आणि खाली आदळली. नंतर तिने मला सांगितलं, "गो वंदे, सुकी फाटी मोडावी तसा पाठीत आवाज झाला." डॉक्टर म्हणाले, मणका चेपलाय. हाडं पापडासारखी झाली आहेत. कमरेपासून छातीपर्यंत पट्टा, पाठीवर पडून राहायचं, आणि आणखी एक दणका बसला तर पुन्हा पायावर उभी राहील याची खात्री मी देत नाही. हे ते आम्हा तिघांच्या तोंडाकडे बघून म्हणाले. दादा रातोरात मुंबईहून येऊन थडकला होता. दवाखान्याच्या जिन्यातच त्याने बाळ्याची कॉलर धरली. "तू मोडलीस आईला!" बाळ्याने त्याचा हात असा पिळला की घड्याळाचा पट्टा तुटला. "अण्णा गेल्यापासून एकदा तरी वाकून बघितलंस का रे, गाडीखाली काय राहिलंय?" वरून नर्स ओरडली तेव्हा सुटले.

आई माझ्याकडे राहिली. पलंगावर उताणी, डोळे पंख्याकडे. चिडचिड नाही की रडणं नाही, एकच धोशा. "पालखी दारात येईल तेव्हा मला घरी ने. यंदा ओटी मीच भरणार. बसून भरीन, पण भरीन." अण्णा बोटीवर असले तरी तिने आयुष्यात एकदाही ती ओटी चुकवली नव्हती. डॉक्टर म्हणाले, शिमग्यापर्यंत बसता येईल, नेऊ शकता, पण दणका नको. माझ्या घरापासून गावापर्यंतचा रस्ता मी डोळ्यांसमोर आणला आणि माझ्याच पाठीत कळ आली.

माझी शिकवायची गाडी समोर अंगणात उभी होती. शिकाऊ लोक क्लचला आणि सस्पेन्शनला रोज मारतात, त्यामुळे मला खालचं सगळं वेळच्या वेळी बदलावंच लागतं. फॅन्सी काही नाही, जे कंपनीने दिलं तेच पण ताजं. आईला म्हटलं, हिच्यातून नेते, पोटातलं पाणी हलणार नाही. आई माझ्याकडे अशी बघायला लागली जसं मी तिला टेम्पोत घालून न्यायचं म्हटलंय. "दोन मुलगे जिते असताना लेकीच्या गाडीतून? तीपण शिकाऊ, पाठीवर लाल अक्षर लावून? शिमग्याला? गाव काय म्हणेल?" मला असा संताप आला की मी स्वयंपाकघरात जाऊन खोबऱ्याची वाटी पाट्यावर आपटून फोडली. तशी ती फोडायचीच होती.

मग गाडी सुधारायचं सुरू झालं. दादा मुंबईहून रात्रंदिवस मोबाइलवर व्हिडिओ बघायचा आणि मला पाठवायचा. त्याला हव्या होत्या बुटक्या, कडक स्प्रिंगा आणि त्यांना साजेसे ताठ शॉक, म्हणजे गाडी जमिनीलगत बसेल, वळणावर कलंडणार नाही, आई डुलणार नाही. बाळ्याला हव्या होत्या मऊ स्प्रिंगा आणि वर उचलायला त्यांच्याखाली ठोकळे, म्हणजे खड्डा आत पोचणारच नाही. दोघेही मला विचारायचे आणि मी तोंड उघडलं की फोन ठेवायचे. मी सांगत होते ते फारच बेचव होतं. आधी सडलेले रबरी बुश बदला. टायर बघा, हवा बघा. मग चारही स्प्रिंगा आणि चारही शॉक एका जातीचे, गाडीच्या मूळ मापाचे घाला. गाडी नवी होती तेव्हा आईला कधी लागलं होतं का? पण असं बोलणाऱ्या बहिणीला कोण विचारतो! तिचं नाव ना गाडीच्या कागदावर, ना पालखीच्या दांडीवर.

स्प्रिंग धक्का खाते आणि तेवढ्याच जोरात परत देते. तो परतीचा धक्का जिरवायचं काम शॉकचं. त्याच्या आत तेल असतं, ते बारीक भोकांतून सावकाश सरकतं आणि सगळी मस्ती उतरवतं. शॉक गेलेली गाडी एकदा आपटली की आपटतच राहते. हे मी वर्गात फळ्यावर चित्र काढून शिकवते, आणि शिकवताना दरवेळी मला माझं माहेर आठवतं. तिथे सगळ्या स्प्रिंगाच. शॉक एकटी आई, आणि तिच्यातलंही तेल संपत आलेलं.

होळीच्या दोन दिवस आधी दादा खोकं घेऊन आला. लाल रंगाच्या स्प्रिंगा, चकचकीत शॉक. कुवारबावच्या एका गॅरेजात गाडी नेलेली. सलीमभाई तिथला मिस्त्री, तोंडाने माझ्याइतकाच फाटका. मी पोचले तर बाळ्यानेही आपलं सामान आणून ठेवलेलं. गाडी जॅकवर, चाकं उतरलेली, आणि दोघे भाऊ समोरासमोर. पत्र्याखाली भट्टीसारखं तापलं होतं.

"तुझ्या या लाल बांगड्या बस मुंबईत घालून," बाळ्या म्हणाला. "इथल्या खड्ड्यात आईची पाठ मोडेल."

"ती तू मोडलीस!"

"परत बोल."

"तू मोडलीस! आंब्याच्या पेटीगत आदळलीस!"

बाळ्याने लाल स्प्रिंग उचलली आणि भिरकावली. ती दादाच्या कानाजवळून गेली आणि बॉनेटला एवढा पोचा पाडून उडाली. दादाने त्याला थोबाडीत दिली. ती थोबाडीत मला अजून ऐकू येते. मग बाळ्या डोकं खाली घालून रेड्यासारखा त्याच्या पोटात घुसला. दोघे ऑइलने माखलेल्या जमिनीवर पडले. दादाच्या दातांतून रक्त, बाळ्याचा शर्ट गळ्यापासून फाटलेला, तोंडात अशा शिव्या की होळीने कान झाकावेत. गंमत म्हणजे शिव्या आईवरून, आणि आई एकच. "अरे माझा जॅक! गाडी पडेल अंगावर, मरा मग!" सलीमभाई बोंबलत होता. मी हवा भरायची नळी ओढली आणि सगळा दाब दोघांच्या तोंडावर सोडला. धूळ, माती, ऑइल, सगळं डोळ्यांत. आंधळे होऊन बसले तेव्हा कुठे सुटले. खरं सांगते, हातात नळीऐवजी पहार आली असती तर पहार चालली असती.

दोघांना तसेच, काळेनिळे, मी आईसमोर नेऊन उभे केले. वाटलं, ती तरी थोतरीत देईल. आईने उताण्या उताण्याच दोघांना बघितलं. दादाचा ओठ फुगलेला, बाळ्याचा डोळा मिटलेला. तिच्या डोळ्यांच्या कडेने पाणी कानात गेलं. मग ती जन्मभर जे करत आली तेच तिने केलं. निम्मं निम्मं केलं.

"पुढचं दादाचं, मागचं बाळ्याचं," आई म्हणाली. "पालखीला चालतं ना रे? मग गाडीला का नाय चालणार?"

आणि हे दोन टोणगे मान हलवून मोकळे! दादाला पुढचा मान मिळाला, बाळ्याला मागचा. कुणाचं खाली नाही, कुणाचं वर नाही. मी किंचाळले. "अगो आई, पालखीखाली जिवंत माणसं असतात! पुढच्याचा गुडघा वाकला की मागच्याला खांद्यात कळतं. लोखंडाला काय कळतंय? पुढे ताठ आणि बुटकं, मागे मऊ आणि उंच, गाडी काय नाचवायची आहे?" आई म्हणाली, "गो बाय, तू ओरडू नको. माझी पाठ दुखते." झालं. 

सलीमभाईनेही ऐकल्यावर कपाळ बडवून घेतलं. "चार पाय एका बैलाचे असतात, बाबांनो!" पण दोघांनी मिळून त्याला दटावलं. एवढ्या एका बाबतीत त्यांची एकी झाली. त्याने शिव्या घालत घालत ते बसवलं. गाडी खाली उतरली तेव्हा मी बघितली. नाक जमिनीला हुंगतंय आणि बूड वर. लाथ झाडायच्या बेतात असलेल्या गाढवासारखी. दोघे तिच्याभोवती फिरत होते आणि दोघांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. मला आजही रात्री नाही, दिवसाढवळ्या ते समाधान आठवतं आणि मुठी वळतात.

पालखी घरी यायचा दिवस. सकाळी आईला आंघोळ घातली, पट्टा आवळला, जरीकाठी पातळ नेसवलं. दारात खुर्चीवर बसवली. मांडीवर ओटीचं ताट. नारळ, तांदूळ, खण, हळदकुंकू. भाऊ म्हणाले, सकाळी गॅरेजमधून गाडी घेतो, उतारापर्यंत एक फेरी मारून बघतो आणि तुला न्यायला येतो. ऊन अंगणात आलं, मग पायरीवर आलं, मग आईच्या पायांवर आलं. फोन उचलेना एकही. मी गप्प होते. माझं गप्प बसणं आईला माहीत नव्हतं, त्यामुळे ती जास्त घाबरली.

"वंदे," बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "काढ तुझी गाडी."

मी तिला पुढे बसवलं, माझ्या रोजच्या जागी, कारण तिथे पाय लांब करता येतात आणि धक्का मागच्यापेक्षा कमी. पाठीशी उशी, पट्टा, वर सीटबेल्ट. तिच्या पायांपुढे तो दुसरा ब्रेक. "इथे पाय नको ठेवूस हां," मी म्हटलं. मग मी अशी चालवली जशी कुणाला शिकवताही येत नाही. एकेक खड्डा मी आधीच ओळखून वळसा घालून घेतला. गतिरोधकांवर चाक नुसतं चढवलं आणि उतरवलं. मागचे टुरिस्ट हॉर्न मारून मारून दमले. मी काच खाली करून एकाला असं बोलले की तो पुढच्या फाट्यावर थांबूनच राहिला. बरंच अंतर गेल्यावर आई हळूच म्हणाली, "खरंच गो. पोटातलं पाणी हलत नाय." ती थोडी ओशाळली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते येऊ दिलं, रस्ता सरळ होता तोवर.

गावाच्या अलीकडे उतार आहे. उताराच्या पोटात वळण, एका बाजूला जांभ्याचा गडगा, म्हणजे रचलेल्या चिऱ्यांची बुटकी भिंत, दुसऱ्या बाजूला दरीसारखा खोल बागायतीचा उतार. वळणातच पाण्याच्या पाइपासाठी रस्ता आडवा खणून वर मातीचा उंचवटा करून ठेवलेला. लांबून खालच्या वाडीतला ढोल ऐकू येत होता. मी वळणात शिरले आणि बघते तर काय! अण्णांची गाडी उलटं तोंड करून गडग्यात घुसलेली, तांबडे चिरे बॉनेटवर, वाफा निघतायत. आणि रस्त्याच्या मधोमध माझे दोन भाऊ एकमेकांना मारतायत.

दोघेही एका हाताने मारत होते. दादाचा उजवा हात लोंबत होता, बाळ्याचा डावा. बेल्टने एकाच्या उजव्या खांद्याचं हाड मोडलं होतं, दुसऱ्याच्या डाव्या, आणि रागाच्या भरात कुणाला त्याचा पत्ता नव्हता. दादा डाव्या हाताने बाळ्याच्या तोंडावर गुद्दे घालत होता. "तुझं मागचं उडालं! तुझं!" बाळ्या उजव्या हाताने त्याचे केस धरून ओरडत होता, "तुझं पुढचं अडकलं! तुझं!" चेहरे रक्ताने लडबडलेले. पायाखाली काचा करकर वाजत होत्या. आणि ढोल चालूच. ते दोघे गुंतलेले, लोळत, थेट माझ्या चाकांपुढे आले.

माझा पाय ब्रेककडे निघाला होता. तो जरा सावकाश निघाला असता तरी त्या क्षणी मला वाईट वाटलं नसतं, इतके ते माझ्या डोक्यात गेले होते. पण तो पोचायच्या आत गाडी थांबली. दाणकन, जागच्या जागी.

ब्रेक आईने दाबला होता. ज्या बाईला पलंगावरून पाय उचलायला दोन माणसं लागत होती, तिने दोन्ही टाचा जुळवून, होता नव्हता तेवढा जीव एकवटून ब्रेक दाबला होता. गाडीने नाक टेकलं आणि मागे आपटली. "आई गं!" अशी किंकाळी मी माणसाची ऐकलेली नाही. ताटातला नारळ काचेवर आदळला, तांदूळ सगळीकडे. ज्या एका दणक्यापासून तिला वाचवायला हा सगळा तमाशा झाला होता, तो दणका तिने आपल्या हाताने, नव्हे पायाने, स्वतःला देऊन घेतला होता.

ते दोघे बंपरपासून वीतभर अंतरावर. आईच्या किंकाळीने त्यांचे हात हवेतच राहिले. मी उतरले. आधी दादाला हाणली, मग बाळ्याला, मग परत दादाला, मोडलेला खांदा कुठला ते न बघता. "बघा! बघा तिच्याकडे, मेल्यांनो!" ते दाराशी आले. आईचा चेहरा राखेसारखा, डोळे मिटलेले. ओठ हलत होते. दादा वाकला तर ती विचारत होती, "लागलं का रे तुम्हाला?"

नंतर त्यांनीच सांगितलं काय झालं ते. उतारावर दादाने वेग घेतला होता, गाडीचं पुढचं कसं रस्त्याला खिळ्यासारखं चिकटलंय हे बाळ्याला दाखवायला. उंचवटा दिसला तसा त्याने ब्रेक मारला. नाक खाली दबलं. मागची बाजू आधीच उंच, आधीच मऊ, ती उंचवट्यावरून जी उडाली ती चाकं रस्त्याला लागलीच नाहीत. मागचा भाग पुढे यायला निघाला आणि गाडीने स्वतःभोवती गिरकी घेतली. माझ्या फळ्यावर हे मी आता चित्र काढून शिकवते. कुणाची गाडी ते सांगत नाही.

त्याच दिवशी, रात्री उशिरा, आमच्या अंगणात पालखी आली ती चुलत घराण्याच्या खांद्यांवर. एका भावाचा उजवा हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्याचा डावा. दोघे अंगणाच्या गडग्याशी उभे राहून दुसऱ्यांची पोरं आपला मान नाचवताना बघत होते. आणि भावकी बघत होती त्यांच्याकडे. बाळ्या दातओठ खात होता. दादा रडत होता आणि रडताना पण शिव्या देत होता, कुणाला ते त्यालाही ठाऊक नसावं. आई घरात नव्हती. ती पुन्हा दवाखान्यात होती, आणखी एक मणका चेपलेला. डॉक्टरांनी यावेळी तिघांपैकी कुणाच्याच तोंडाकडे बघितलं नाही. गावच्या बायका ओटी कोण भरणार म्हणून कुजबुजत होत्या. मी पुढे झाले. गाडीत सांडलेले तांदूळ सीटखालून वेचून आणले होते, तेच घातले. कुणी काही बोललं असतं तर माझ्याशी गाठ होती.

अण्णांची गाडी भंगारात गेली. आई आता चार पायांच्या काठीने चालते, घरातल्या घरात. वर्षभर ती माझ्याकडे असते, आणि शिमग्याला गावी जाते. दुसरी कुठली गाडी तिला चालत नाही. शिकाऊच लागते, लाल अक्षरासकट. तिला डावीकडेच बसायचं असतं आणि पाय ब्रेकवर ठेवायचे असतात. ज्या पायांना मी म्हटलं होतं, इथे नको ठेवूस.

आज सकाळी निघालो. दादा मुंबईहून आलेला, बाळ्या न्यायला आलेला. दोघे मागच्या सीटवर, एक या दाराला चिकटून, एक त्या दाराला. एकमेकांशी बोलतात ते माझ्यामार्फत. "ताई, त्याला विचार काच खाली करू का." "वंदे, सांग त्याला, कर म्हणावं." मी दोघांनाही शिव्या घालते. काच कुणी खाली करत नाही.

उतार आला. वळण आलं. गडग्याला तिथे नवे चिरे बसवलेत, जुन्यांपेक्षा तांबडे. मी काही करायच्या आत गाडी हळू झाली, अगदी मऊ, लोणी कापल्यासारखी. आईचा पाय. मी चालवत असताना मधेच ब्रेक दाबणारा माणूस मी आजवर सोडलेला नाही, पण तिला मी कधी एक शब्द बोलले नाही. मागचा ट्रक हॉर्न मारायला लागला. मारू दे.

आईला मान वळवता येत नाही. ती समोर बघत म्हणाली, "गो वंदे, मागे दोघे हायत ना?"

मी आरशात बघितलं. दादा उजवीकडच्या काचेतून बाहेर बघत होता, बाळ्या डावीकडच्या.

"हायत," मी म्हटलं.

मग तिने पाय उचलला.